कुंडीतलं अंजीर महिनाभर सुपारीएवढंच अडकलंय, पिकायचं नावच घेत नाही

पागोळी, रत्नागिरी · ४ मार्च

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आमच्या गच्चीवर रंगाच्या २० लिटरच्या बादलीत अंजीर आहे. तीन वर्षांपूर्वी नणंदेने सासवडहून ओल्या फडक्यात गुंडाळून एक काडी आणली होती एसटीतून, सगळ्यांनी हसून घेतलं होतं तेव्हा, पण तीच लागली आणि आता माझ्यापेक्षा उंच झालीय. पानं तर एवढी मोठी की एकेकावर पाच मोदक मावतील. यंदा पहिल्यांदा फळं धरली, नाताळच्या आसपास, मोजली तर २३. जानेवारीभर भराभर वाढली, हिरव्या सुपारीएवढी झाली आणि जी थांबली ती थांबलीच. पाच आठवडे झाले. रोज सकाळी चहाचा कप घेऊन वर जाते, एकेक दाबून बघते, दगड. त्यात सहा गळली, ती पण आधी सुरकुतली, मग पिवळट पडून खाली.

शेवटी वैतागून दोन काढली आणि सासूबाईंनी आंब्यासारखी पेंढ्यात आढी लावली. आठ दिवसांनी उघडलं तर चामड्यासारखी झालेली, कापल्यावर पांढरा चीक आणि चव म्हणाल तर कच्चं केळं चावल्यासारखी. सासूबाई म्हणाल्या, उंबर आणलंय गो तिने, अंजीर नाही हे.

पाणी सकाळी ऑफिसला जायच्या आधी एकदा, दोन तांबे. खत म्हणून मासे धुतलेलं पाणी एक दिवसाआड, आणि दर पंधरवड्याला १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं) चमचाभर. ऊन सकाळी सातपासून पाचपर्यंत. छाटणी कधीच केली नाही, जीवच होत नाही कापायचा.

एक तर हे खरंच अंजीर आहे का, दुसरं म्हणजे याला ती माशी का गांधीलमाशी लागते असं ऐकलं ते खरं का, आणि तिसरं, आता उरलेल्या १५ फळांचं काय करू?

कोस्टल किंग, पनवेल · ४ मार्च

इथेफॉन मारा, फळं पिकवायचं रसायन. दोन दिवसांत पिवळी होतात. नाहीतर कार्बाइडची पुडी बांधून ठेवा.

आगरातला अण्णा, गुहागर · ५ मार्च

कार्बाइडचं नाव पण काढू नका राव. फळ पिकवायला त्याच्यावर बंदी आहे, २०११ च्या अन्न सुरक्षा नियमांत स्पष्ट लिहिलंय, आणि बंदी नसती तरी घरच्या पोरांना खायला घालायच्या १५ फळांसाठी कोण हा उद्योग करतं. इथेफॉन मोठ्या बागांमध्ये वापरतात, त्यांचं प्रमाण, वेळ, सगळं मोजून असतं. गच्चीवर अंदाजाने मारायची ती गोष्ट नव्हे.

पागोळीताई, सासूबाईंना सांगा अंजीरच आहे. उंबराला फळं थेट खोडावर आणि जाड फांद्यांवर घोसाने लागतात, तुमची कोवळ्या फांदीवर पानाच्या बेचक्यात एकेक लागली असणार. आणि पान हाताच्या पंजासारखं कापलेलं, वरून खरखरीत, बरोबर? मग झालं.

आता पिकत का नाही. माझ्याकडे नऊ वर्षं कुंड्यांमध्येच अंजीर आहे (आगरात सगळं माड आणि सुपारी, सावलीत अंजीर जगत नाही म्हणून खळ्यात ड्रम मांडलेत), आणि पहिल्या वर्षी मी पण तुमच्यासारखाच दाबून दाबून निम्मी फळं खराब केली होती. अंजिराची वाढ तीन टप्प्यांत होते. आधी भराभर मोठं होतं. मग झोपतं. चार-सहा आठवडे जागचं हलत नाही, रंग बदलत नाही, काही नाही, बाहेरून बघणाऱ्याला वाटतं मेलं. या काळात आत बिया भरत असतात. आणि मग एके दिवशी उठतं आणि आठ-दहा दिवसांत दुप्पट होतं, मऊ पडतं, मान टाकतं. म्हणजे तुमची फळं अडकलेली नाहीत, झोपलेली आहेत. नाताळला धरलेली फळं मार्चअखेर उठतील, माझ्या खळ्यातला हिशोब साधारण तीन-सव्वातीन महिन्यांचा आहे.

आणि आढी! कोकणातला माणूस कुठलंही फळ बघितलं की आधी पेंढा शोधतो. आंबा झाडावरून हिरवा काढला तरी आढीत पिकतो कारण काढताना त्याच्यात पिठूळपणा साठलेला असतो, त्याची साखर होते. अंजिराचं तसं नाही, त्यात गोडी उतरते ती शेवटच्या त्या आठ-दहा दिवसांतच आणि ती झाडाकडूनच येते. देठ तुटला की गोडी यायची थांबली. नंतर फार तर थोडं मऊ पडेल, गोड होणार नाही. चीक येतोय म्हणजे कच्चंच. आढीत घालायचं तर नुसतं पेंढ्याचं नुकसान.

गळ मात्र झोपेमुळे नाही, ती पाण्यामुळे. २० लिटरची बादली, सात फुटी झाड, एवढी पानं, आणि मार्चचं ऊन गच्चीवर. तुम्ही सकाळी आठला दोन तांबे घालता ते दुपारी एकपर्यंत संपतं, मग संध्याकाळपर्यंत झाड फळातलं पाणी ओढून घेतं. एक दिवस दुपारी तीनला वर जाऊन बघा, पानं छत्री मिटल्यासारखी लोंबलेली असतील. संध्याकाळी परत उभी राहतात म्हणून ऑफिसातून आल्यावर कळत नाही.

पागोळी · ५ मार्च

अण्णा, आज हाफ डे होता, तीन वाजता वर गेले. अगदी तस्संच. छत्री मिटल्यासारखी. मला रडूच आलं, तीन वर्षं मी याला रोज दुपारी तहानलेलं ठेवलं.

आगरातला अण्णा · ५ मार्च

रडू नका, पाणी घाला 😄

सकाळी तीन लिटर, संध्याकाळी आल्यावर दीड-दोन लिटर, खालच्या भोकांतून थोडं बाहेर येईपर्यंत. एकदम आजच बादलीभर ओतू नका. रोज सारखं पाणी महत्त्वाचं, एक दिवस कोरडं आणि एक दिवस पूर असं झालं तर फळ पिकायच्या वेळी तडकतं आणि तडकलं की मुंग्या आहेतच.

बादली आत्ता बदलायची नाही, फळं असताना मुळं हलवली तर सगळी गळतील. त्यापेक्षा बादलीच एका मोठ्या टबात नाहीतर जुन्या पिंपात ठेवा आणि मधल्या फटीत नारळाची सोडणं ठासून भरा, वर पण सोडणं उपडी घाला. माझ्याकडे एप्रिलमध्ये काळ्या कुंडीच्या भिंतीला हात लावला की चटका बसायचा, मुळं शिजतात त्यात. सोडणं लावल्यापासून फरक पडला. काही नाही तर गोणपाट ओलं करून गुंडाळा.

माशाचं पाणी आणि १९:१९:१९ दोन्ही बंद. एवढी मोदकाएवढी पानं त्यानेच आलीत. नत्र जास्त झालं की झाड पानांच्या नादाला लागतं आणि फळ पिकवायचं विसरतं. चुलीची राख असेल तर दोन मुठी मातीत मिसळून द्या, आपली जांभ्याची माती आंबट असते, राखेने पालाशही मिळतं आणि आंबटपणाही मरतो. पण महिन्यातून एकदा, रोज नाही.

आणि फांद्यांचे शेंडे खुडा. नखाने खुडले तरी चालतात. शेंडा गेला की वाढीचा जोर फळाकडे वळतो. शेंड्याजवळची वाटाण्याएवढी बारीक फळं असतील ती काढून टाका, २० लिटरच्या बादलीत दहा-बारा फळं पिकली तरी पुष्कळ.

दिवेघाट, पुणे · ६ मार्च

मूळचा पुरंदरचा, त्यामुळे राहवत नाही 🙂 माशीचं राहिलं म्हणून सांगतो.

अंजिराचं फूल फळाच्या आतच असतं, म्हणजे आपण ज्याला फळ म्हणतो ती फुलांचीच पिशवी. उंबराचं फूल दिसत नाही म्हणतात ना, तेच प्रकरण. उंबरात परागीभवनाला बारीक चिलटासारख्या गांधीलमाश्या आत शिरतात म्हणून उंबर फोडलं की किडे दिसतात. तुर्कस्तानात सुकवायला जे स्मिर्ना अंजीर लावतात त्यालाही माशी लागते. पण आपल्याकडचं पुना अंजीर परागीभवन न होताच फळ धरतं, त्याला माशी लागत नाही. तेव्हा आत मेलेली माशी असते, अंजीर शाकाहारी नाही वगैरे जे फिरतं, ते तुमच्या झाडाला लागू नाही. सासवडहून आणलीय म्हणजे पुनाच असणार, पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते हेच.

आमच्याकडे दोन बहार घेतात. खट्टा बहार, तो हिवाळ्यात तयार होतो, आणि मीठा बहार, तो उन्हाळ्यात. नावातच आलं की कुठला गोड. तुम्हा कोकणवाल्यांना खट्ट्याचा विचारच नको, त्याची सगळी वाढ पावसात होते आणि तुमच्याकडचा पाऊस म्हणजे पाऊस. मीठा बहार धरा.

लहानपणी मामाच्या बागेत तोडणीला जायचो, पहाटे, उजाडायच्या आत, कारण उन्हात तोडलेलं फळ दुपारपर्यंत मऊ पडून आंबतं. मामा फळाला हात लावायचा नाही आधी, नुसतं बघायचा. मान वाकलेली, सालीवर बारीक पांढऱ्या रेघा, आणि रंग हिरव्याचा जांभळट तपकिरी झालेला. मग देठ धरून हलकेच पिरगाळायचा. पाटीत खाली अंजिराचीच पानं, फळ, परत पानं. आम्हाला फुल बाह्यांचे शर्ट घालायला लावायचे कारण तो चीक हाताला लागून त्यावर ऊन पडलं की फोड येतात. मला कोपराला आलेले, आठवडाभर आग आग. तेव्हा ताई शेंडे खुडाल तर हातमोजे नाहीतर प्लास्टिकची पिशवी हातात घालून, आणि संध्याकाळी.

कोस्टल किंग · ६ मार्च

माझ्याकडे तर कुंडीत नोव्हेंबरात पण पिकतात. नर्सरीवाल्याने ब्राउन टर्की म्हणून दिलं होतं, पान मात्र पुन्यासारखंच आहे. चव जेमतेम.

दिवेघाट · ६ मार्च

पावसात वाढलेलं ते, जेमतेमच लागणार. आणि नर्सरीत नाव काय सांगतील त्याचा भरवसा नाही, माझ्या मित्राला डायना जातीचं म्हणून जे दिलं ते चार वर्षांनी पण पुनाच निघालं.

केळड्यांचो वैरी, कुडाळ · ७ मार्च

पागोळीताई, आमच्याकडे दोन झाडा आसत पण पावसात एकाक पण पान ऱ्हवत नाय. ऑगस्टात बघशात तर नुसते काटके. सगळो तांबेरो.

बरं, मराठीत लिहितो, नाहीतर मुंबईकर विचारत बसतात. तुम्ही सगळे पिकवायचं बोलताय पण कोकणात अंजिराचा खरा शत्रू पावसाळा. जुलैमध्ये पानाखाली बघा, गंजासारखी पिवळी-तपकिरी पूड दिसेल, बोट फिरवलं की बोटाला मसाला लागल्यासारखी येते. तोच तांबेरा. दमट हवा आणि सतत ओलं पान, त्याला दुसरं काय पाहिजे. महिन्याभरात झाड भुंडं. पहिल्या वर्षी मला वाटलं मेलं, उपटून टाकणार होतो, आईने थांबवलं. सप्टेंबरात परत फुटलं.

माझे बाबा सुपारीला कोळेरोगासाठी पावसाच्या तोंडावर मोरचूद-चुना (मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट) मारतात, त्यातलाच उरलेला मी अंजिराला मारतो. एकदा मे अखेर, एकदा जुलैत उघडीप मिळाली की. पानं सगळी टिकत नाहीत पण निम्मी टिकतात. गळलेली पानं गोळा करून जाळायची, कुंडीतच कुजायला ठेवायची नाहीत, रोग त्यातूनच परत येतो.

आगरातला अण्णा · ७ मार्च

बरोबर, पण सुपारीचं मिश्रण एक टक्क्याचं असतं, ते कोवळ्या पानाला जड जातं, कडा करपतात. कुंडीतल्या झाडाला अर्धा टक्का पुरे. १० लिटर पाण्याला ५० ग्रॅम मोरचूद आणि ५० ग्रॅम चुना. मोरचूद रात्री प्लास्टिकच्या बादलीत वेगळं भिजत घालायचं, लोखंडाच्या भांड्यात नाही, चुना दुसऱ्या बादलीत, सकाळी मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओतत ढवळायचं. मग चकचकीत खिळा बुडवून बघा, तांबूस झाला तर चुना कमी पडला, अजून घाला. त्याच दिवशी संपवायचं. आणि पागोळीताई, आत्ता फळं असताना यातलं काहीही मारायचं नाही, हे सगळं मेअखेरचं बोलणं चाललंय.

पावसात बादली पत्र्याखाली सरकवता आली तर निम्मं काम तिथेच झालं. पागोळ्या पडतात तिथे मात्र नको (नावावरून सांगत नाही 😄). खाली चिऱ्याचे दोन तुकडे घाला म्हणजे भोकं मोकळी राहतील. थाळी ठेवू नका, मुळं पण कुजतात आणि डास पण होतात.

वायंगणी, वेंगुर्ला · ८ मार्च

चिरे घालायच्या सल्ल्याला माझ्याकडून दोन नमस्कार. मी घातले नव्हते. ग्रो बॅग थेट अंगणात मातीवर ठेवलेली, दोन वर्षं काय वाढलं म्हणता, शेजारी बघायला यायचे, मी म्हणे गांडूळखताची कमाल. गेल्या जूनमध्ये पाऊस लागतोय म्हणून नवऱ्याला म्हटलं जरा पडवीत घे. तो ओढतोय, बॅग हलेना. दोघांनी मिळून जोर लावला आणि कट् असा आवाज. मनगटाएवढं मूळ बॅग फोडून जमिनीत गेलेलं, ते तुटलं. चार दिवसांत सगळी पानं खाली. कसली गांडूळखताची कमाल, झाड केव्हाच जमिनीत राहत होतं, बॅग नुसती दाखवायला.

जगलं तसं, पण या वर्षी एकही फळ नाही.

पागोळी · ८ मार्च

वायंगणीताई, तो कट् आवाज वाचून माझ्याच पोटात गोळा आला.

अण्णा, सोडणं भरली, शेंडे खुडले (पिशवी घालून), दोन वेळा पाणी सुरू. संध्याकाळचं पाणी सासूबाईंनी स्वतःहून घेतलंय, त्या म्हणतात दुपारी चारला घालीन. चालेल का? आणि पुढच्या वर्षीसाठी विचारते, ऑक्टोबरमध्ये मोठ्या ड्रममध्ये लावायचं तर केवढा ड्रम? आमचे हे म्हणतात स्लॅबवर वजन नको. आणि एका मैत्रिणीने सांगितलं फळाच्या बुडाला तेल लावलं की लवकर पिकतं, हे खरं की आपलं असंच?

आगरातला अण्णा · ९ मार्च

चारला नको, कुंडी तापलेली असते, साडेपाचला सांगा. सासूबाई आल्या म्हणजे अर्धी लढाई जिंकलात.

ड्रमबद्दल ह्यांचं बरोबर आहे. २०० लिटरचा ड्रम अर्धा कापला की १०० लिटर, ओल्या मातीसकट दीडशे किलोच्या आसपास जातो, तो गच्चीच्या मध्यभागी ठेवायचाच नाही. ५०-६० लिटरचा टब घ्या, साधारण ८० किलो होतील, आणि तो भिंतीला लागून, जिथे खाली बीम आहे तिथे. माती माझी अशी: दोन घमेली लाल माती, एक घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत, एक घमेलं जाड रेती, अर्धं घमेलं कोकोपीट, दोन मुठी निंबोळी पेंड. रेती नदीची हं. समुद्राची आणाल तर मीठ. निंबोळी पेंड सोडू नका, रेताड मातीत सूत्रकृमी होतात, मुळांना गाठी येतात आणि झाड कारण नसताना खुरटतं.

छाटणी दसरा झाला की, पाऊस गेल्यावर. जीव होत नाही म्हणता, पण अंजीर नव्या फुटीवर येतं, कापल्याशिवाय नवी फूट कुठून यायची. गुडघ्याच्या जरा वरपर्यंत आणा, चार-पाच फांद्या ठेवा, बाकी साफ. नवी फूट पाच-सहा पानांची झाली की शेंडा खुडायचा. म्हणजे फळं लवकर धरतील आणि मार्च-एप्रिलमध्ये निवांत उरकतील. हे सगळं गणित कशासाठी, तर मे अखेरचा वळीव यायच्या आत शेवटचं फळ पोटात गेलं पाहिजे. पावसात पिकलेलं अंजीर म्हणजे पाणी भरलेला फुगा, गोडी नाही आणि आत आंबलेलं.

तेलाचं दिवेघाटांना माहीत असेल.

दिवेघाट · ९ मार्च

आमच्याकडे बागेत कोणी लावताना बघितलं नाही, पण भूमध्य समुद्राकडच्या देशांत फार जुनी पद्धत आहे, ऑलिव्हचं तेल फळाच्या डोळ्याला, म्हणजे बुडाच्या भोकाला, लावतात. तेलाने फळात इथिलीन तयार व्हायला चालना मिळते, आणि इथिलीन म्हणजे शेवटी इथेफॉनमधून निघतो तोच वायू, आंब्याच्या आढीत कोंडून ठेवतो तोच. पण ते फळ पिकायच्या पंधरा दिवस आधी, झोपेच्या अगदी शेवटाला लावलं तरच. आधी लावलं तर गळतं.

वायंगणी · ९ मार्च

मी केलंय हे, दोन वर्षांपूर्वी. आधी खोबरेल लावलं, घरात तेच असतं. काहीएक फरक नाही. मग भावाच्या घरून सॅलडसाठी आणलेलं ऑलिव्ह थोडं आणलं, कान कोरायच्या कापसाच्या काडीने चार फळांच्या बुडाच्या भोकावर एकेक ठिपका. डोळा जरासा लालसर झालेली फळंच निवडली होती. त्यातली तीन आठ दिवसांत फुगली, शेजारची न लावलेली नंतर दहा दिवसांनी. चौथं गळलं. चव? खरं सांगू, न लावलेली जास्त गोड होती. घाई असेल तर लावा, नसेल तर कशाला.

केळड्यांचो वैरी · ९ मार्च

पिकायला लागली की झाकायचं विसरू नका. बुलबुल, खार, तांबट, रात्री वटवाघूळ, आणि आमच्याकडे माझे वैरी, केळडी म्हणजे माकडं. हळदीकुंकवाला वाण देतात त्या जाळीच्या पोटल्या मिळतात ना, त्या एकेका फळाला बांधतो मी. पक्ष्यांना पुरतात. केळड्यांना कायच पुरत नाय.

पागोळी · २९ मार्च

मंडळी!!!

सोमवारी सकाळी वर गेले तर तिसऱ्या फांदीवरचं एक फळ मान टाकून. मला वाटलं गळणार. मग दिवेघाटांच्या मामांसारखं हात न लावता बघितलं. रंग बदललाय, पांढऱ्या रेघा आल्यात, डोळ्याशी मधाचा थेंब. काल होतं त्याच्या दीडपट झालंय असं वाटलं, म्हणजे खरंच झोपेतून उठल्यासारखं. सासूबाईंना हाक मारायला खाली गेले, दोघी वर येईपर्यंत बुलबुलाने एका बाजूने अर्धं फस्त केलेलं.

उरलेलं अर्धं दोघींनी तिथेच उभ्याने खाल्लं. आत गुलाबी, बिया दाताखाली कुरकुरतात, आणि गोड म्हणजे गुळाच्या पाकासारखं. सासूबाई बराच वेळ बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, उंबर नाही हो हे.

त्याच संध्याकाळी बाजारातून दोन डझन पोटल्या आणल्या. आजपर्यंत पाच मिळाली, सात झाडावर आहेत, तीन मधल्या काळात गळली. तेल लावलं नाही. एक मात्र तडकलं, रविवारी आम्ही गणपतीपुळ्याला गेलो होतो, पाणी चुकलं आणि आल्यावर ह्यांनी भरपाई म्हणून बादलीभर ओतलं.

आगरातला अण्णा · २९ मार्च

ह्यांना पाण्यापासून लांब ठेवा. बाकी अभिनंदन! आता शेवटची सात निघाली की पंधरा दिवस झाडाला विश्रांती, मग मेअखेर मोरचूद आणि पत्र्याखाली. जूननंतर काही नवी फळं धरली तर मोह न ठेवता काढून टाका.

वायंगणी · ३० मार्च

दसऱ्यानंतर छाटाल तेव्हा दोन काड्या मला ठेवाल का? पेन्सिलएवढ्या जाड, वीतभर. दिवाळीत रत्नागिरीला येणार आहे.

पागोळी · ३० मार्च

एक नक्की. दुसरी मागून घेतलीय, नणंदेने. तिच्या सासवडच्या झाडाला खोडकिडा लागून ते गेलं म्हणे, आता तिलाच इथून काडी पाठवायचीय.